धोंड्याच्या वाणात सबवूफर

मी सुतार आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजकाल लोक मला 'फर्निचरवाले' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. फर्निचरवाला म्हणजे जो भुसा दाबून केलेल्या फळ्या स्क्रूने जोडतो आणि वर ग्राहकालाच ताकीद देतो की पाणी लागू देऊ नका, जड ठेवू नका, सरकवू नका. म्हणजे थोडक्यात, वापरू नका. मी पस्तीस वर्षं लाकूड कापत आलोय आणि माझ्या कपाटावर आजपर्यंत कोणी असली पाटी लावली नाही.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किती दुकानांत माझी कपाटं उभी आहेत ते मला मोजून सांगता येणार नाही, पण ओळखून दाखवता येईल. माझ्या प्रत्येक कामाच्या पाठीला सात भोकं असतात. एक मधे आणि सहा त्याच्या भोवती, फुलासारखी. त्याचं कारण नागपूरचा उन्हाळा. इथे मे महिन्यात बंद पेटीत कपडे ठेवून पाहा, महिन्याभराने उघडली की तोंडावर वाफ येते. पावसाळ्यात त्याच पेटीत बुरशी. म्हणून माझा सिद्धांत असा की लाकडी वस्तूला हवा लागतेच. या सिद्धांतावर माझ्याशी कोणी कधी वाद घातला नाही. माझ्याशी कोणत्याच गोष्टीवर कोणी फारसा वाद घालत नसे, आणि मी समजत होतो की मी बरोबर असतो म्हणून.

वाद घातला तो एकट्या जावयाने.

पोरगी एकुलती एक. लग्न तिने स्वतः जमवलं. मुलगा कळमेश्वरच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात. मी विचारलं, म्हणजे काय करता? तर म्हणाला, तयार झालेला माल तपासतो, खोट सापडली की परत पाठवतो. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. अशा माणसाला मुलगी द्यायचं सुताराच्या जिवावर आलं होतं, पण पोरीपुढे काय चालतं कोणाचं!

लग्नानंतर ते दोघं येतील, चार दिवस राहतील, म्हणून मी समोरच्या खोलीत खास त्यांच्यासाठी सागवानाचा दिवाण केला. दोन महिने खपलो. पहिल्यांदा दोघं राहायला आले तेव्हा घरात पाहुणे होते. जावई दिवाणावर बसला, जरा डावीकडे झाला, जरा उजवीकडे झाला. मग उठला, खाली वाकला, पायांवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामाजी, याचा एक पाय दोन सूत कमी आहे."

इंचाचे आठ भाग करा, त्यातला एक म्हणजे सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच. माझ्या कामात पाव इंच!

"पाय नाई कमी," मी ओरडलो, "जमीन खराब हाय! तुमी तिकडं नटबोल्ट मोजा. लाकडातलं मले नका शिकवू!" आणि आणखी बरंच काही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी पोरीने बॅग उचलली. "त्यांना उद्या ड्युटी आहे," म्हणाली. राहायला म्हणून आलेली माणसं चहा पिऊन गेली.

त्यानंतर दीड वर्ष ती दोघं येत होती, नाही असं नाही. पण दोन तासांसाठी. जेवायची, हसायची, घड्याळ पाहायची आणि उठायची. दिवाणावर कोणी झोपलं नाही. बायको त्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवून ठेवायची आणि मी दिसली की काढून फेकायचो. मी पोरीच्या खोलीतला कूलर दर उन्हाळ्यात धुऊन, नवीन वाळा लावून तयार ठेवायचो. त्याच्यासमोर मांजर झोपायची. कोणाला सांगितलं नाही कधी, पण संध्याकाळी त्यांची गाडी गल्लीतून वळली की मला जेवण जात नसे.

या वर्षी ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तेहतीस अनारसे आणि वाण द्यायचं. जावई म्हणजे साक्षात विष्णू. लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच धोंडा. बायको मला म्हणाली, "हे पाहा, देवानं संधी देल्ली आहे. जवाई काय मागतील ते द्या, तोंडातून वावगा शब्द काढू नका. पोरगी दोन तासांत उठून जाते ना, ते तुमच्या या तोंडामुळं."

"माया तोंडाले काय झालं?"

"तेच तर," ती म्हणाली आणि अनारशाचे तांदूळ भिजत घालायला गेली.

मी चांदीची वाटी, निरांजन, असं काहीबाही मनात धरून होतो. पोरीचा फोन आला. "बाबा, त्यांना चांदीबिंदी काही नको. त्यांना तुमच्या हातची एक पेटी पाहिजे. गाडीतल्या सबवूफरसाठी."

सबवूफर म्हणजे डिक्कीत ठेवायचा तो मोठा गोल स्पीकर, ज्याच्यामुळे गाडी यायच्या आधी तिचा आवाज येतो आणि ती गेल्यावरही आपल्या बरगड्या हलत राहतात. मी समजत होतो ही टगी पोरं गाणं ऐकतात. जावयाने मागे एकदा समजावून सांगितलं होतं की हे गाण्यासाठी नसतं, गाण्यातला फक्त धमधम भाग वेगळा काढून मोठा करण्यासाठी असतं. म्हणजे वरणभातातला हिंगच तेवढा ताटभर वाढायचा. विष्णूला धोंड्याच्या वाणात हे पाहिजे होतं.

पण खरं सांगू? मला गुदगुल्या झाल्या. जरीपटक्याच्या बाजारात गाडीच्या सामानाची दुकानं भरली आहेत, तयार पेट्या टांगून ठेवलेल्या असतात. ते सोडून या क्वालिटीवाल्याने माझ्याकडे पेटी मागितली! मी मनात म्हटलं, आला की नाही लायनीवर. आता अशी पेटी करून देतो की जन्मात पुन्हा सूत मोजायचं नाव काढणार नाही.

दोन दिवसांनी त्याने पोरीच्या हाती एक कागद पाठवला. सुबक आकृती, लांबी, रुंदी, खोली, समोरच्या गोल भोकाचं माप. खाली लिहिलं होतं, 'पूर्ण हवाबंद', आणि त्याखाली दोन रेघा. मी तो कागद नीट वाचला आणि बाजूला ठेवला. मापं बरोबर घेतली, तेवढा मी प्रामाणिक. 'हवाबंद' हा शब्द मात्र मी पस्तीस वर्षं ऐकत आलोय. कपाट हवाबंद करा, धान्याची कोठी हवाबंद करा. लोकांना म्हणायचं असतं की झुरळ शिरू नये.

पेटी मात्र केली! बाजारातल्या पेट्या भुशाच्या फळीच्या असतात. मी एकोणीस एमएमचं पाणी न लागणारं प्लाय घेतलं. समोरची बाजू, जिथे स्पीकर बसणार, ती दुहेरी. आत चारही कोपऱ्यांत सागवानाच्या पट्ट्या, मधून एक आडवा दांडा. जोड सगळे खाचेत खाच बसवून, सरस लावून, शिकंज्यात दोन-दोन दिवस आवळून ठेवले. गोल भोक मी हाताने कापलं आणि कानशीने असं घासलं की आत बोट फिरवलं तर कुठे अडकायचं नाही. बाहेरून पॉलिशचे पाच हात. माझ्या प्रत्येक वस्तूची शेवटची परीक्षा बायको घेते, म्हणजे तिच्यावर उभी राहते. ती पेटीवर उभी राहिली, वर एक उडीही मारली. पेटीतून हूं की चूं नाही.

आणि मग मी ड्रिल घेतलं आणि पाठीला फूल काढलं. एक मधे, सहा भोवती.

विचार करून काढलं, हे कबूल करतो. मी मनाशी म्हटलं, ही पेटी गाडीच्या डिक्कीत राहणार. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी! आतली हवा तापेल, फुगेल, जाईल कुठे? जोड उकलतील आणि हा पोरगा म्हणेल, मामाजी, जोड दोन सूत उघडला आहे. हवाबंदच्या खाली दोन रेघा मारल्या म्हणून काय झालं, क्वालिटीवाल्याला लाकडातलं काय कळते?

धोंड्याच्या दिवशी जावयाला पाटावर बसवलं. पाटही माझाच. बायकोने ओवाळलं, अनारसे दिले आणि मग मी पेटीवरचं धोतर ओढलं. हो, धोतरच झाकलं होतं. उद्घाटन म्हणजे उद्घाटन.

जावई पाटावरून उठला. पेटीभोवती एक फेरी मारली. त्याची ती खोड, बोट फिरवायची. कोपऱ्यावरून, जोडावरून, गोल भोकाच्या काठावरून बोट फिरत फिरत पाठीकडे गेलं आणि फुलावर थांबलं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने एकदा पोरीकडे पाहिलं. पोरीने खाली पाहिलं. मग तो वळला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मामाजी, भल्ली मजबूत आहे. असं काम बाजारात नाही भेटत."

जिंकलो! मी तेव्हा खरोखर असंच म्हटलं मनात. दीड वर्षाचं उट्टं निघालं. पेटी दोघांनी उचलून डिक्कीत ठेवली तेव्हा गाडी मागून चार बोटं खाली बसली. आणि मग, "मामाजी, येतो," म्हणून तो निघालाही. संध्याकाळही झाली नव्हती. बायकोने अंथरलेली चादर तिने स्वतःच घडी करून ठेवली. मी समजलो तिला दमायला झालं असेल.

पुढचा महिनाभर मी गावभर सांगत हिंडलो. कोणी भेटला की सांगायचो, आमच्या जवाईबापूंच्या गाडीत माझी पेटी आहे. फोनवर विचारायचो, "कशी वाजून राहिली?" तिकडून उत्तर यायचं, "मस्त मामाजी, एक नंबर." मी बायकोकडे बघायचो. ती भाजी निवडायची.

पाऊस लांबला होता, आंबे अजून होते. एका रविवारी दोघं रसपोळी खायला आली. रस फार गरम झाला म्हणून जावई कोपऱ्यावरून बर्फ आणायला पायी गेला. गाडी दारात उभी. मी पोरीला म्हटलं, "दे वं चाबी. जरा ऐकू दे मले."

"बाबा, राहू द्या ना. ते आले की लावतील."

"काहून? माई पेटी हाय, मी ऐकू नाई काय?"

तिने चावी दिली नाही, मी टेबलावरून उचलली. पुढे बसलो, ते बटण फिरवलं. पोरगी मागे धावत आली, बायकोही हात पुसत दारात आली.

आवाज आला. धम्म. आणि त्याच्या मागोमाग, फुस्स. धम्म, फुस्स. धम्म, फुस्स. मधेच बारीक शिट्टी. दम्याचा माणूस जिना चढतो तसं.

बायको दारातून पोरीला म्हणाली, "अवं, गॅसवर कुकर ठेवला काय तू?"

मी उतरलो. डिक्की उघडली. पेटी माझी तशीच ऐटीत बसली होती, पॉलिशमध्ये तोंड दिसत होतं. पाठीमागे हात घातला आणि तळव्यावर वारा लागला. सात धारा. दर धम्मला फुलातून हवा फुस्सकन बाहेर येत होती, आणि परत आत जात होती. माझा कूलर एवढी हवा देत नाही.

सुताराला समजायला किती वेळ लागतो? एक क्षण. आतली हवा कोंडलेली पाहिजे, तिच्या दाबावरच स्पीकरचा पडदा उसळणार. म्हणून हवाबंद. म्हणून दोन रेघा.

मी गाणं बंद केलं. पोरगी बाजूला उभी होती. मी विचारलं, "पहिल्या दिवसापासून असं?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाई?"

पोरगी गाडीच्या दाराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, मागून टेप लावून टाका, बाबांना काय कळणार आहे. तर ते म्हणाले, ती भोकं नाहीत, ते मामाजींचं फूल आहे. लोक कामावर सही करतात, मामाजी फूल काढतात. विचारल्याशिवाय बुजवायचं नसतं. मग मी म्हटलं, विचारा. तर म्हणाले, त्या घरात आपण एकदा खरं बोललो. आता तिथं फक्त छान बोलायचं."

"आनि तू?"

"मी पण छानच बोलते बाबा. लहानपणापासून. आई पण."

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पाय कमी असलेल्या दिवाणाखाली दीड वर्ष घड्या सरकवणारी बाई! तिला दिवाणाचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि कदाचित इतवारीतल्या अर्ध्या गिऱ्हाइकांनाही माझ्याबद्दल बरंच काही माहीत असेल. रोज आठ तास दुसऱ्यांच्या मालातली खोट काढणारा माणूस. त्याने माझ्या फुलावर बोट ठेवलं होतं आणि तोंड बंद ठेवलं होतं, आणि मी त्याला माझा विजय समजून गावभर मिरवलो. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नाही. तापलेल्या गाडीला टेकून उभा राहिलो, पाठ भाजली तरी हललो नाही.

जावई बर्फाची पिशवी हलवत आला. डिक्की उघडी पाहून त्याची चाल मंदावली. तेवढ्यातही बिचारा म्हणाला, "मामाजी, ते... वायरिंगचा प्रॉब्लेम आहे थोडा."

"वायरिंग नाई, सुतार खराब हाय," मी म्हटलं. "चला आत. आधी रस खाऊ. मंग काम हाय."

जेवलो. नंतर मी मागच्या पडवीत गेलो, सागवानाचा एक तुकडा घेतला आणि भोकं बुजवायला सात गुल्ल्या तासल्या. बोटाएवढ्या, एका टोकाला किंचित निमुळत्या. जावई पेटी डिक्कीतून काढायला मदत करायला आला. मी पहिल्या गुल्लीला सरस लावला तेव्हा त्याने माझा हात धरला.

"मामाजी, राहू द्या. फूल जाईल तुमचं."

"जाऊ द्या चुलीत."

"मी दुसरी पेटी आणतो गाडीसाठी. ही घरात ठेवतो."

"जवाईबापू," मी म्हटलं, "तुमच्या कारखान्यात खोट असलेला माल घरात सजवून ठेवतात काय?"

तो हसला. मग त्याने स्वतःच पेटी आडवी धरली आणि मी सात गुल्ल्या ठोकल्या. जास्तीचं कापून पटाशीने सपाट केलं. प्लायवर सागवानाचे सात ठिपके उठून दिसत होते. सरस सुकेपर्यंत आम्ही दोघं पडवीत बसलो. त्याने मला हवेच्या दाबाचं गणित सांगितलं, मी त्याला सागवान ओलं आहे की सुकं ते ठोकून कसं ओळखायचं ते दाखवलं. दोघांनाही दुसऱ्याचं निम्मं कळलं.

मग पेटी परत डिक्कीत ठेवून गाणं लावलं. धम्म! नुसतं धम्म. फुस्स नाही, शिट्टी नाही. छातीत कोणी मऊ हाताने बुक्की मारावी तसं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून दोन ताटं खाली आली आणि समोरच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "अबे बंद करा ना!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला ते गाणं बिलकुल आवडलं नव्हतं.

पण एक गोष्ट राहिली होती. ती मला गिळवत नव्हती आणि बाहेरही पडत नव्हती. समोरच्या खोलीत आलो, दिवाणावर बसलो आणि म्हटलं, "जवाईबापू, या दिवाणाचं खरं सांगा."

बायकोने पदर तोंडाला लावला. जावयाने पोरीकडे पाहिलं. या वेळी पोरीने खाली पाहिलं नाही.

"राग येईल तुम्हाला," तो म्हणाला.

"येईल. तुमी सांगा."

"तीन सूत आहे मामाजी. त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून मी दोनच सांगितले."

राग आला. सवय आहे ती, एका दिवसात कशी जाईल? कानशिलं तापली, तोंड उघडलं. मग उघडलेल्या तोंडानेच मी उठलो, मोजपट्टी घेतली आणि पोटावर आडवा होऊन दिवाणाखाली शिरलो. जमिनीला आधी सपाटी बघायची पाणसळ लावली. जमीन चांगली होती. मग पाय मोजला. तीन सूत. भरून तीन.

"धरा जरा वर," मी खालून म्हटलं. जावयाने दिवाण एका बाजूने उचलून धरला आणि मी पायाखाली सागवानाचा तुकडा बसवू लागलो. वरून त्याचा आवाज येत होता, अजून थोडं डावीकडे मामाजी, नाही, जास्त झालं, परत आणा. एवढं माझ्या कामात आजवर कोणी बोललं नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून पोरगी तिच्या आईला ओरडून म्हणाली, "आई, कूलरमध्ये पाणी टाक वं, आम्ही आज राहून राहिलो!"

मला रडू आलं. बरं झालं, दिवाणाखाली होतो.